विसाव्याचे दगड

१

चालायला म्हणून सुट्टीवर येणाऱ्या माणसांना खरं तर चालायचं नसतंच. त्यांना बसायचं असतं. छानशा जागी, समोर छानसं काहीतरी, आणि वर ‘आपण चालून आलोय’ हे समाधान. एवढं ज्याला कळलं त्यानं डोंगरात पाहुणेघर काढावं. बाकीच्यांनी खुशाल किराणा दुकान टाकावं.

मला ते कळलं माझा नवरा फिनबार गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात. घरात उरलो दोघंच. मी, आणि माझे सासरे टाइग. त्यांना मी बाबा म्हणते. वय नव्वदीला टेकलेलं, पण देह अजून ताडासारखा. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट ठेंगणी, त्यामुळे बाबा जन्मभर त्या दारातून मान वाकवून आत येत आलेत. वरच्या लाकडावर त्यांच्या कपाळाच्या तेलाचा डाग पडलाय, आणि बाजूच्या लाकडावर फिनबारच्या उंचीच्या खुणा आहेत, लहानपणापासूनच्या. मी तिथे रंग लावू देत नाही.

माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मनात आलं, नुसतं रडत बसण्यापेक्षा चार माणसं येतील-जातील, घरात आवाज होईल. चारच का, तर दोन खोल्यांत चारच मावतात, आणि शेजारच्या जेरोमच्या गाडीतही. जेरोम म्हणजे आमच्या खोऱ्याची वाहतूक व्यवस्था. डॉक्टरकडे जायचं असो की लग्नाला, जेरोमच नेणार आणि वाटेत सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणार.

बेत आखायचं मला वेड आहे. आठवड्याचा बेत असा लावला. शनिवारी यायचं. रविवारी काही म्हणजे काही करायचं नाही, खिडकीत बसून पावसाला नावं ठेवायची. सोमवारी तळ्याची फेरी. मंगळवारी ओकच्या रानातून, गिरणीपर्यंत आणि परत. आणि बुधवारी मोठा दिवस, खिंडीची वाट.

ही वाट जुनी. खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची. आमच्याकडे जमीन म्हणजे हातभर माती आणि खाली कातळ, माणूस पुरायला जागाच नाही. म्हणून खोऱ्यातलं माणूस गेलं की पेटी खांद्यावर घेऊन खिंडीतून पलीकडे, समुद्रकाठी किलशानच्या दफनभूमीत न्यायची. चार खांदेकरी, मागे सगळं खोरं. वाटेत विसावा घ्यायचा. जिथे पेटी टेकायची तिथे प्रत्येक खांदेकऱ्यानं एक दगड ठेवायचा. वर्षानुवर्षं असे दगड साचून चार मोठ्या राशी झाल्यात. एक आमच्याच फाटकाजवळ, एक ओढ्यापाशी, एक खिंडीत, आणि एक पलीकडे, दफनभूमीच्या वरच्या अंगाला.

आता सांगा, दमल्यावर कुठे टेकावं हे पेटी वाहणाऱ्याइतकं कोणाला कळणार? त्या चारही जागा अशा सुरेख आहेत की बघत राहावं. वाऱ्याला आडोसा, बसायला सपाट हिरवळ, समोर दूरवर मोकळं. मी मग माझे विसावे तिथेच लावले. एका राशीपाशी चहाचा थर्मास, दुसरीपाशी ब्राउन ब्रेड आणि धुरी दिलेला मासा, तिसरीपाशी सफरचंदाचा टार्ट.

फक्त एक बदल केला. आमच्या बाजूनं चढ छपरासारखा उभा आहे. समुद्राकडून तो सोपा. शिवाय तिकडून सुरुवात केली की शेवटी माणूस आपोआप माझ्या दारात, चुलीपाशी येऊन थांबतो. म्हणून जेरोमनं सकाळी पाहुण्यांना किनाऱ्याच्या रस्त्यानं किलशानला सोडायचं, आणि त्यांनी खिंडीतून चालत घरी यायचं. अक्कल म्हणतात ती हीच, असं मला वाटलं.

बाबांना बेत वाचून दाखवला. ते रोजच्यासारखे रेडिओपाशी बसले होते. नाश्ता झाला की स्थानिक केंद्रावर मयतांची नावं सांगतात, ती ते मन लावून ऐकतात.

“वाट उलटी लावलीस, पोरी,” ते म्हणाले.

“वाट म्हणजे काय सदरा आहे का, उलटा घालायला?”

“त्या वाटेनं आम्ही जायचो. परत दुसऱ्या वाटेनं यायचो, लांबून, ओढ्याच्या खालच्या अंगानं. त्या वाटेनं कोणी इकडे आलेलं नाही.”

“मेंढ्या येतात की.”

“मेंढ्यांना खांदे नसतात,” बाबा म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

माझं माहेर सपाटीवरचं. तिथे चर्चच्या मागेच दफनभूमी, पंधरा पावलांत काम उरकतं. मला या डोंगराळ माणसांच्या रीती सगळ्या माहीत होत्या, पण हाडात मुरलेल्या नव्हत्या. मी हसले आणि बेताचा कागद मुद्रणाला पाठवला.

२

पहिले आले डॅनिश. दोन जोडपी, सगळी साठीच्या पुढची, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. माणसं मोठी गोड. लापशीचं कौतुक करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

बुधवारी दुपारी ती खिंडीतून उतरताना मला खिडकीतून दिसली. गाल लाल, हातात काठ्या. बाबांनी त्यांच्या खोलीचा डोंगराकडचा पडदा ओढून घेतला होता. उन्हाचा त्रास होत असेल, असं मला वाटलं. ऊन कुठलं! दिवस ढगाळच होता.

“कसं झालं चालणं?” मी चहा ओतत विचारलं.

“स्वर्ग!” त्यातली एक बाई, इंगर तिचं नाव, म्हणाली. “फक्त सुरुवातीला जरा जड गेलं. दफनभूमीच्या फाटकापासून त्या पहिल्या दगडांच्या राशीपर्यंत. तिथे बसलो, आणि मग जणू पिसं झालो.”

“सवय नसते ना. पहिला चढ सगळ्यांनाच लागतो.”

“हो, पण तो पायाला लागतो,” ती हसून म्हणाली, “मला इथे लागला.” आणि तिनं उजवा खांदा चोळला.

तिचा नवरा डावा खांदा चोळत होता. पलीकडच्या जोडप्यातही तसंच, एकाचा उजवा, एकीचा डावा. पाठपिशव्या म्हणावं तर त्या जेरोमनं गाडीतून आणलेल्या, माझ्या ओसरीतच पडल्या होत्या.

आणखी एक गोष्ट. माझं जेवणाचं टेबल लांबलचक, दोन्ही बाजूंना बाकडी. सकाळपर्यंत ही चौघं एकमेकांना चिकटून बसायची. त्या संध्याकाळी दोघं एका टोकाला बसली, दोघं दुसऱ्या टोकाला. मधे सगळं रिकामं. मीठ मागायचं तरी हाक मारावी लागत होती, आणि तरी कोणी सरकलं नाही.

भांडली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. सुट्टीत माणसं भांडतातच.

३

दुसऱ्या आल्या डब्लिनच्या तिघी बहिणी, निवृत्त शिक्षिका, आणि त्यांतल्या मधलीचा नवरा. तो बिचारा तोंडातून अक्षर काढायचा नाही. काढणार तरी कधी?

बुधवारी त्या परतल्या त्याही खांदे चोळतच.

“पहिल्या राशीपर्यंत काही नाही हो,” थोरली म्हणाली. “मस्त गप्पा मारत चाललो. तिथे चहा झाला, उठलो, आणि काय सांगू तुम्हाला, खिंडीपर्यंत कोणी बोललंच नाही.”

“तुम्ही तिघी? बोलला नाहीत?”

“मलाही तेच आश्चर्य वाटलं,” नवरा म्हणाला. त्या आठवड्यातलं ते त्याचं एकमेव वाक्य असावं.

“आणि चाललो कसे, तर शाळेतल्या कवायतीसारखे,” धाकटी म्हणाली. “दोन पुढे, दोन मागे. डावा-उजवा, डावा-उजवा. खिंडीतल्या राशीपाशी बसलो तेव्हा कुठे सुटलो.”

मी हसले. हातातली किटली मात्र खाली ठेवावी लागली. डॅनिश मंडळींना दफनभूमीच्या फाटकापासून पहिल्या राशीपर्यंत जड गेलं होतं. यांना पहिल्या राशीपासून खिंडीपर्यंत. म्हणजे जिथे एकांनी सोडलं तिथूनच दुसऱ्यांनी उचललं.

काय उचललं?

माझं डोकं तसं ठिकाणावर असतं. मी स्वतःला समजावलं की चढ आहे, दलदलीची हवा आहे, आणि माझ्याच कागदावर त्या राशींची माहिती छापलीय. ती वाचून माणसाच्या मनानं घेतलं असेल. मनानं एकदा घेतलं की खांदाच काय, शेंडीसुद्धा दुखते.

दुसऱ्या दिवशी बाजारहाटाला जाताना मी जेरोमला सहज विचारलं, “त्या डॅनिश लोकांना सोडलंस तेव्हा काही वेगळं वाटलं का रे?”

“बरं झालं तू विचारलंस,” तो म्हणाला. “फाटकापाशी उतरले, आणि उभे राहिले. दोन पुढे, दोन मागे. कोणीतरी ‘चला’ म्हणायची वाट बघत असल्यासारखे. मी म्हटलं, चला की! तर निघाले. तू काय कवायत शिकवतेस का त्यांना, गोबनेट?”

“मग?”

“मग काही नाही.” तो जरा घुटमळला. “माझी टोपी हातात होती. कधी काढली कोण जाणे. गाडीत बसताना कळलं. इथे नाही का, मयत चाललं की गाडी थांबवून आपण टोपी काढतो. हात आपोआप गेला असेल. म्हातारा झालो, दुसरं काय.”

४

मी एकटीच खिंडीत जाऊन आले. आमच्याकडच्या उभ्या चढानं, धापा टाकत.

खिंडीतल्या राशीशेजारची हिरवळ दबलेली होती. पाहुणे बसल्यामुळे दबते ती नाही, ती इथेतिथे दबते. ही लांबट होती, सरळ कडांची. अंगणात फळी पडलेली असावी आणि नुकतीच कोणी उचलावी तशी. फक्त ती उचललेली वाटत नव्हती. वाऱ्यानं आजूबाजूचं सगळं गवत लवत होतं, आणि तेवढ्या पट्ट्यातलं एक पातंही हलत नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली नाही. मी तिथे बसले आणि मला फिनबार आठवला. किलशानच्या दफनभूमीत आमच्या खोऱ्यातला शेवटचा माणूस तोच. त्याला मोटारीतून नेलं, किनाऱ्याच्या रस्त्यानं, कारण खिंडीतून न्यायला खांदे कुठून आणायचे? तरणी माणसं सगळी शहरात. फक्त चर्चच्या दारापासून खड्ड्यापर्यंत त्याचे तीन चुलतभाऊ आणि चौथी मी, आम्ही खांदा दिला. बाईनं खांदा दिला म्हणून कुजबुज झाली. होऊ दे. आजारानं तो इतका वाळला होता, पण पेटीत तो आहे हे खांद्याला कळत होतं. पाऊल चुकलं की आतल्या माणसाचं वजन किंचित सरकतं. मला आजही ते जाणवतं.

दफनभूमीतून कोणीतरी माझ्या घराकडे येत होतं. टप्प्याटप्प्यानं, विसावा घेत, परक्यांच्या खांद्यावरून. दुसरं कोण असणार?

घरी आले आणि पुढच्या बुधवारचे पाहुणे पक्के केले. बेत थांबवायचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

५

तिसरे होते चार जर्मन मित्र, दणकट. त्यांनी खिंडीपासून ओढ्यापाशी असलेल्या राशीपर्यंत आणलं. मी काही विचारलंच नाही. जेवताना दोघं या टोकाला, दोघं त्या टोकाला बसले, आणि मला कळलं.

तो उन्हाळा मी आनंदात होते. लोकांना वाटलं, पाहुणेघर चाललंय म्हणून. बसायच्या खोलीत, जिथे फिनबारला शेवटचं ठेवलं होतं, तिथे मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. आमच्याकडे पेटी घरात ठेवतात ती अशीच, दोन खुर्च्यांवर आडवी. अंतर मी अंदाजानं ठेवलं, फिनबारच्या मापाचं. तोही बापासारखाच उंच. मग रोज त्या खुर्च्या पुसायला लागले.

बाबांनी ते पाहिलं. दाराशी मान वाकवून उभे राहिले, बघत. मग त्यांच्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला.

“बाबा, जेवायला येताय ना?”

“भूक नाही, पोरी.”

“बटाटे आणि कोबी केलाय, तुमच्या आवडीचा.”

“तू जेव,” ते आतून म्हणाले. “तू नीट जेव. तू रोज नीट जेवत जा.”

मला वाटलं, मुलाची आठवण झाली असेल. एका माणसाची आठवण दोघांनी काढायची म्हणजे एकानं पडदा ओढायचाच.

६

चौथे पाहुणे आले शरदात. डोंगरावरचं नेचं तांबूस झालं होतं. गॉलवेचं एक तरुण जोडपं आणि त्या पोरीचे आईवडील. बुधवारी दुपारी जेरोमचा फोन आला. पोरीच्या आईचा पाय ओढ्यापाशी मुरगळला होता. जेरोम वाकड्या वाटेनं गाडी ओढ्यापर्यंत नेऊन तिला घेऊन येणार होता.

“बाकीचे तिघं?” मी विचारलं.

“राशीपाशी बसलेत. उठतच नाहीत. म्हणतात, जरा थांबतो. कशाला ते त्यांनाही सांगता येत नाही.”

मला सांगता येत होतं. तिघांना खांदा देता येत नाही.

मी कोट चढवला आणि निघाले. पोचले तेव्हा तिघं उभी होती. तरुण आणि त्याचा सासरा पुढे, मुलगी मागे, डावीकडे. तिच्या उजव्या बाजूची जागा रिकामी. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला कोणी काही सांगितलं नाही. मी त्या जागी जाऊन उभी राहिले. कोणी ‘चला’ म्हटलं ते मला माहीत नाही. कदाचित मीच म्हटलं असेन.

आणि खांद्यावर आलं.

इतकं ओळखीचं! लाकडाची कड मानेशी जिथे रुतते तिथेच रुतली. डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, आले रे फिनबार, तुला न्यायलाच आलेय, जरा दम धर, घर आलंच.

आम्ही चालू लागलो. डावा, उजवा. मला हसू येत होतं, रडू येत होतं.

मग वाटेतल्या पाण्याच्या चरावर माझं पाऊल चुकलं. खांदा खचला, माझी बाजू खाली गेली. मी वाट पाहिली, आतलं वजन आता सरकेल, माझ्याकडे येईल.

काहीच सरकलं नाही.

आतून एक पोकळ आवाज आला. रिकामा खण जोरात लोटला की येतो तसा.

मी थांबायचा प्रयत्न केला. देवाशप्पथ केला. पण पाय थांबेनात. पुढचे चालत होते, त्यांच्याबरोबर मी चालत होते, डावा, उजवा. ओझं हलकं होतं, नुसत्या लाकडाचं. मग मी पाहिलं की माझ्या पुढे असलेला पोरीचा बाप माझ्या किती जवळ आहे. त्याच्या कोटाच्या मागच्या शिवणीतला सुटलेला दोरा मला दिसत होता. फिनबारच्या वेळी माझ्यापुढे त्याचा चुलतभाऊ होता, तो किती लांब होता! ही आखूड होती. फिनबार हिच्यात कधीच मावला नसता.

फाटकाजवळच्या राशीपाशी आम्ही वाकलो. खांद्यावरचं उतरलं. तिघांनी एकदम श्वास सोडला, अंग झटकलं.

“बापरे, दमलो!” मुलगी हसून म्हणाली. “चहा मिळेल ना?”

“मिळेल की,” मी म्हणाले. आवाज माझाच होता.

ती तिघं आत गेली. मी मागे वळून पाहिलं. राशीशेजारचं गवत अजून उभं होतं. मग ते हळूहळू निजलं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सरळ कडांनी. मी तेवढंच पाहिलं आणि धावत घरात शिरले.

७

बसायच्या खोलीत बाबा होते. माझ्या दोन खुर्च्यांपैकी एक त्यांनी दुसरीच्या जवळ ओढली होती. बरीच जवळ. आता त्या दोहोंवर निजायला फिनबार मावला नसता, बाबा तर नाहीच.

“एवढीच आहे ना?” त्यांनी विचारलं. “माझ्या खिडकीतून अंदाज येत होता. पुढचे आणि मागचे, त्यांच्यातलं अंतर बघून.”

“तुम्ही तर पडदा ओढून घेता.”

“ओढतो. मग फटीतून बघतो. म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग काय?”

मी खुर्चीवर बसले. “बाबा, ती रिकामी आहे.”

“रिकामीच असणार. तिकडून इकडे येताना भरलेली कशी असेल, पोरी? माणूस एकदा ठेवलं की ठेवलं. परत येते ती फक्त पेटी. न्यायला येते.”

“तुम्हाला माहीत होतं!”

“वाट उलटी लावलीस, एवढं म्हटलं होतं मी.”

“तेवढं म्हटलंत! हे नाही म्हटलंत!” मी ओरडलेच. आतल्या खोलीत पाहुणे चहाची वाट बघत होते, त्यांना ऐकू गेलं असेल.

बाबांनी ओढलेली खुर्ची सरळ केली. “तू त्याच्यासाठी खुर्च्या पुसत होतीस,” ते म्हणाले. “माझी जीभ उचलेना. मलाही वाटत होतं ना गं, निम्मं-अर्धं. वाटत होतं, असेल तो. मग ती खिंडीतून उतरली आणि मला माप दिसलं.”

मी डोळे पुसले. मला उपाय सुचला, आणि उपाय सुचला की मला धीर येतो. “पुढच्या वर्षी वाट सुलटी लावते. इथून निघायचं, किलशानला पोचायचं. जेरोम तिकडून त्यांना रस्त्यानं परत आणेल. चढ उभा आहे, असू दे. नेतील ते ती परत.”

“नेतील,” बाबा म्हणाले. “पण इथून तिकडे ती रिकामी कधी गेलेली नाही.”

खुर्च्यांमधल्या जागेकडे मी पाहत नव्हते. बघायची गरजच नव्हती. स्वतःची उंची कोणाला ठाऊक नसते? माझे कपडे मीच शिवते.

८

हिवाळ्यात पाहुणे नसतात. ती फाटकाशी आहे. बर्फ पडलं तेव्हा सगळीकडे पडलं, तेवढ्या पट्ट्यावर पडलं नाही. पत्रवाला तिथून वळसा घालून येतो. का, ते त्याला विचारलं तर म्हणतो, “चिखल असतो.” चिखल नाही.

मी इथून निघून जावं, असंही मनात आलं. पण बाबांना कुठे नेऊ? आणि वाटेवर पेटी ठेवून माणसं पळून जात नाहीत. एवढी रीत आता माझ्याही हाडात मुरलीय.

नाताळच्या आदल्या दिवशी बाबा चुलीपाशी बसले होते. एकदम म्हणाले, “मी मावेन.”

“कशात?”

“गुडघे मुडपीन.”

“गप्प बसा हो बाबा! सणासुदीला काय बोलता?”

“खांद्यावरून जायचं माझ्या फार मनात आहे,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “माझा बाप गेला, आजा गेला, खिंडीतून, समुद्र बघत. मला वाटलं होतं, मला जेरोमच्या मागे मोटारीत जावं लागणार, त्याच्या गप्पा ऐकत. आता आयती दाराशी आलीय. आणि तू अजून पन्नाशीत नाहीस.”

“तुमच्या मापाची नाही ती.”

“माप काय, बदलतं.”

मी रागानं उठले आणि ब्रेड कापायला लागले. रडू येत होतं म्हणून जाड कापला. त्यांनी खाल्ला नाही. त्या दिवसापासून ते जेवायचे ते नावालाच. मी ओरडले, विनवण्या केल्या, फादरना बोलावून आणलं. फादरनी त्यांना समजावलं आणि जाताना मलाच आशीर्वाद दिला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे पाठीचे मणके दबतात, माणूस थोडा खुजा होतो, काळजीचं कारण नाही.

थोडा, असं ते म्हणाले होते.

काल ईस्टरनंतरच्या पाहुण्यांचा फोन आला. ब्रेटनीचे चार भाऊ, कोळी आहेत. एकाचा आवाज खणखणीत होता. निवांत राहायचंय म्हणाला, आणि खिंडीची वाट ऐकलीय, ती करायचीच आहे.

“करा की,” मी म्हणाले. “फक्त आता उलट दिशेनं करतो आम्ही. घरापासून समुद्राकडे. चढ जरा उभा आहे.”

“आम्हाला सवय आहे ओझी उचलायची,” तो हसला. “बरोबर काही घ्यायचं का?”

मी म्हणाले, तुम्ही चौघं आहात ना, तेवढं पुरे.

फोन ठेवला आणि बुधवारच्या बेताला लागले. पहिला विसावा फाटकाशी, दुसरा ओढ्यापाशी. कुठे काय खायला ठेवायचं ते ठरवत होते, इतक्यात बाबा चहाला आले.

फिनबारच्या खुणांशेजारून, त्या ठेंगण्या दारातून ते मान न वाकवता आत आले. डोक्यावर वीतभर जागा शिल्लक होती. आत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, आणि त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत होते.

“बघ,” ते म्हणाले, पोरासारखे खूश होऊन.

मी बघितलं. मला रडायला हवं होतं. पण आधी, क्षणभर, देवा क्षमा कर, मला हायसं वाटलं. आणि ते त्यांनी पाहिलं. पाहिलं, मान डोलावली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून हात वर उचलला. त्यासाठी त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या.